रुग्ण एकच लिहावा

१

ती गच्चीवरून पडली, आणि तिला उचलून न्यायच्या आतच लोकांनी कारण ठरवून टाकलं होतं. बाई वर्षभर मनाच्या डॉक्टरकडे जात होती. तिला नैराश्य होतं. विम्याच्या कागदावरच तसं लिहिलंय म्हणे! कागदावर लिहिलंय म्हटल्यावर विषयच संपला.

आता कागद हाच माझा धंदा. विमा कंपनीसाठी मी क्लेम तपासते. मला नावाने कोणी हाक मारत नाही. ‘क्लेमवाली आली’ म्हणतात आणि दार उघडावं की आतून कडी लावावी याचा विचार करत बसतात. माझे गुडघे कुरकुरतात, तोंड फटकळ आहे, आणि संशय घ्यायची खोड आता मेल्यावरच जाईल.

“तासाभराचं काम आहे,” साहेब म्हणाले होते. “नवरा बंदरावर क्रेन चालवतो. त्याच्या नोकरीतून सगळ्या कुटुंबाला आपला विमा आहे. आत्महत्या की अपघात एवढंच लिहून आणायचंय. म्हणजे आत्महत्याच आहे. तुम्ही फक्त लिहून आणा.”

इमारत चार मजल्यांची, जिन्यात दिवा नाही, आणि घर अर्थातच सगळ्यात वरचं. मी धापा टाकत वर पोचले. घराच्या दाराला लागूनच गच्चीवर जाणाऱ्या पायऱ्या होत्या. उंबऱ्याबाहेर पुरुषाचे जाड बूट ठेवलेले होते, टाचा भिंतीला आणि चवडे बाहेरच्या बाजूला. सैनिकाने ठेवावेत इतके सरळ. त्यांच्या शेजारी मुलीचे सँडल एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

दार तिनेच उघडलं. पंधरा-सोळा वर्षांची असेल. डोळे कोरडे, केस दोन-तीन दिवस न विंचरलेले. घरात तिला ठकी म्हणतात हे मला नंतर कळलं. आईने ठेवलेलं नाव.

“तुम्ही विम्याच्या ना?” ती म्हणाली. “काकू, मला एकच सांगा. तुमच्याकडे असे खूप लोक येत असतील. चपला इतक्या नीट काढून ठेवून गेली म्हणजे तिने आधीच ठरवलं होतं ना?”

“कुठल्या चपला?”

तिने पायऱ्यांकडे बोट केलं. गच्चीच्या दाराशी खिळ्याला रबरी चपलांची एक जोडी अडकवलेली होती, चांगली मोठी, तळाला काळं थापलेलं. गळती थांबावी म्हणून गच्चीवर डांबर ओतलं होतं. उन्हात ते पातळ व्हायचं आणि पायाला चिकटायचं. म्हणून गच्चीसाठी घरातल्या सगळ्यांत मिळून ही एक जोडी. जो वर जाईल त्याने घालायची, खाली येताना पुन्हा खिळ्याला लावायची.

“शाळेतून आले तेव्हा खाली गर्दी होती,” ठकी म्हणाली. “मी आधी वरच पळाले. कठड्याजवळ या चपला होत्या. टाचा कठड्याला लावून, चवडे दाराकडे. आई मला रोज ओरडायची, चपला भिरकावतेस म्हणून. स्वतःही भिरकावायची. आणि त्या दिवशी इतक्या नीट ठेवल्या. मला टाकून जायचं तिने शांतपणे ठरवलं होतं, काकू. मग मी सकाळी निघताना मला डब्यावरून रागावली कशाला?”

मी त्या चपला खिळ्यावरून काढून उलटसुलट करून बघितल्या.

२

पुढच्या खोलीत दोन पुरुष होते आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते. एक ठकीचा मामा, मेलेल्या बाईचा धाकटा भाऊ. दुसरा तिचा नवरा, क्रेनवाला. उंचापुरा माणूस, पण अंगावरचे कपडे आता ढगळ झालेले.

मामाने मला विचारायचीसुद्धा सवड दिली नाही. “मॅडम, लिहून घ्या. ताईला या घरात सुख नव्हतं. म्हणून तर दोघं त्या डॉक्टरकडे जायचे, भांडणं मिटवायला. आणि आजारी कोण ठरलं? माझी बहीण! वा रे वा. चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“तुमचं तिच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?”

त्याचा आवाज एकदम खाली आला. “त्याच दुपारी. फोनवर. मी म्हणालो, सोड त्याला आणि ये इकडे. ती हसली. म्हणाली, दूध ठेवलंय, नंतर बोलते.” त्याने तोंड फिरवलं. “पोलीस म्हणाले, रक्तात औषधाचा मागमूसही नव्हता. गोळ्या बंद केल्या होत्या तिने. आणि या माणसाला पत्ता नाही. बायको गोळ्या घेते की नाही, एवढंही बघता येत नाही?”

मी क्रेनवाल्याकडे वळले.

“तुम्ही कुठे होतात तेव्हा?” मी त्याला विचारलं.

“रात्रपाळी करून आलो होतो. आत झोपलो होतो.”

“काही ऐकू आलं नाही?”

“झोप लागली की मला काही कळत नाही, बाई.”

ज्याच्या डोळ्यांखाली एवढी काळी वर्तुळं, तो माणूस गाढ झोपेच्या गोष्टी सांगत होता. मी विषय बदलला. “बाहेरचे बूट तुमचे? फार नीट ठेवता हो.”

“सवय आहे,” तो म्हणाला. बुटांबद्दल बोलायला त्याला बरं वाटलं असावं. “क्रेनच्या शिडीखाली बूट काढून वर हलके जोडे घालायचे. बूट चवडे बाहेर करून ठेवायचे. उतरलं की पाय थेट आत. आमच्यात सगळेच तसे ठेवतात.”

मी पाणी मागितलं. तहान नव्हती. पण माणसाचं खरं घर स्वयंपाकघरात असतं, आणि तिथे जायचं तर पाणी मागण्यासारखा सोपा मार्ग नाही. ठकीने पेला काढला. फळीवर, साखरेच्या डब्याआड गोळ्यांची पाकिटं होती.

“आईच्या,” ठकी म्हणाली. “हे नवीन पाकीट बाबांनी त्याच सकाळी आणलं होतं. कामावरून येताना.”

मी ते हातात घेतलं. त्याच सकाळी आणलेलं, म्हणजे ती गेली त्या दिवशी ते भरलेलं असायला हवं. आता त्यात जेमतेम दोन-तीन गोळ्या उरल्या होत्या.

बाई जाऊन तीन आठवडे झाले होते. मग या गोळ्या खातंय कोण?

३

तिसऱ्या मजल्यावर एक शिवणवाली राहते. ब्लाउज, पडदे, गणवेश, जे येईल ते शिवते आणि जिन्यात कोण चढलं, कोण उतरलं, हे मशीन न थांबवता सांगते. मला बघून मात्र तिने मशीन थांबवलं.

“बसा हो. तुम्हाला काय सांगू? माझ्यासारखी कमनशिबी मीच. पहिली मी वर गेले.”

“खाली नाही, वर?”

“दूध जळाल्याचा वास आला ना! असा की माझे डोळे झोंबायला लागले. म्हटलं ही गेली कुठे? वर धावले. दार सताड उघडं, गॅस चालू, भांडं काळं ठिक्कर. मी गॅस बंद केला. शेजारीच तिचा चष्मा. दूध बघायचं तर ती चष्मा काढूनच ठेवायची, वाफेने काचा धुरकटतात म्हणून. आणि चष्म्याशिवाय ती म्हणजे आंधळी कोशिंबीर! तेवढ्यात खालून ओरडा ऐकू आला.”

“घरात दुसरं कोणी?”

“छे! मी हाका मारल्या की. आतल्या खोलीतसुद्धा डोकावले. पलंग रिकामा होता.”

तिने पदराने नाक पुसलं.

“मीच तिला शेवटची अंघोळ घातली, बाई. फार बोलायची ती माझ्याशी. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. पण पायाच्या तळव्यांचं डांबर काही निघेना. साबणाने घासलं, तेल लावलं. शेवटी रॉकेलचा बोळा फिरवला. म्हटलं, अशी काळ्या पायांनी नाही जाऊ द्यायची.”

मी उठून बाहेर आले.

नवरा झोपला नव्हता. त्या वेळी तो घरातच नव्हता. जिना उतरला असता तर शिवणवालीला कळलंच असतं. आणि वरच्या मजल्यावरून जिना न उतरता जायला एकच जागा होती.

जिन्यात मामा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. “मी म्हणत नव्हतो?” तो दात-ओठ खात म्हणाला. “त्यानेच ढकलली माझ्या ताईला.”

“आज रात्रीपर्यंत तोंड बंद ठेवा,” मी म्हणाले. “त्याच्या अंगाला हात लावलात तर तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला पहिली मी उभी राहीन. मला अजून एकीला भेटायचंय.”

४

डॉक्टरांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एक त्यांची, दोन समोरासमोर नाही तर किंचित तिरप्या, नवरा-बायकोने एकमेकांकडे बघावंही आणि नजर चुकवताही यावी अशा. टेबलावर कागदी रुमालांचा डबा. डॉक्टर पन्नाशीच्या, आवाज हळू.

“पेशंटबद्दल मी काही सांगू शकत नाही,” त्यांनी आधीच सांगून टाकलं.

“नका सांगू. मी आमच्याच कागदांबद्दल विचारते. दोघं एकत्र यायचे?”

“हो.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

“मग कागदावर रुग्ण एकच कसा?”

त्या हसल्या, पण त्यात हसू नव्हतं. “हे तुम्ही मला विचारता? तुमच्या कंपनीला विचारा. तुमच्या विम्यात माणसाला आजार होतो, संसाराला होत नाही. नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे झाले, मूल त्यात होरपळतंय, असं लिहिलं की तुमचा शिक्का, ‘नामंजूर’. म्हणून दोघांतलं एक नाव रुग्ण म्हणून लिहायचं, त्याला आजार जोडायचा, आणि मग दोघांवर उपचार करायचे. सगळेच करतात. नाही केलं तर निम्मे लोक दुसऱ्यांदा येतच नाहीत.”

मला राग आला, कारण त्या खरं बोलत होत्या. असे कागद माझ्या टेबलावरून गठ्ठ्याने गेलेत, आणि त्यात बहुतेक वेळा बाईचंच नाव असतं. आम्ही हसायचोसुद्धा. म्हणायचो, या देशातले नवरे किती ठणठणीत आहेत बघा!

“मग तिचं नाव लिहायचं कोणी ठरवलं?”

“तिनेच.” डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी उठले, दारापर्यंत गेले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

“तो कसा आहे? झोपतो का? जेवतो?”

मी वळून बघितलं.

“त्याला एकटं ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “मला तिकडे जायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. पण प्लीज, त्याला एकटं ठेवू नका.”

मेलेल्या पेशंटच्या नवऱ्याची चौकशी कोणीही करील. पण त्या ज्या आवाजात विचारत होत्या, त्या आवाजात डॉक्टर स्वतःच्या पेशंटबद्दलच विचारतात.

मी रिक्षाला हात केला. आयुष्यात पहिल्यांदा भाडं न ठरवता बसले.

५

घराचं दार उघडं होतं आणि आत फक्त ठकी होती. गच्चीच्या दाराजवळचा खिळा रिकामा होता.

मी त्या पायऱ्या कशा चढले, ते माझे गुडघे जाणोत. क्रेनवाला कठड्यापासून चार हात लांब, पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. चपला पायांत होत्या. मी देवाचं नाव घेतलं, आणि मी देवाचं नाव सहसा घेत नाही.

“इथे काय करताय?”

“काही नाही. बसतो कधी कधी.”

मी त्याच्या शेजारी बसकण मारली. डांबर साडीला लागलं. लागू दे. “मी बोलते. चुकलं तर थांबवा,” म्हटलं.

त्याने मान हलवली नाही, पण उठूनही गेला नाही.

“तुमच्याकडे गच्चीच्या चपलांची जोडी एकच. ती कठड्याजवळ सापडली. सगळे म्हणाले, तिने काढून ठेवली. पण तिचे तळवे डांबराने काळे होते, इतके की रॉकेल लावावं लागलं. म्हणजे ती इथे अनवाणी आली. धावत आली. गॅस तसाच, चष्मा तसाच, दार सताड उघडं. मरायला निघालेलं माणूस एवढी घाई करत नाही, दादा. घाई करतं ते कोणाला तरी वाचवायला निघालेलं माणूस. आणि ती अनवाणी होती, तर चपला घालून इथे आधी कोण आलं होतं?”

तो हातांकडे बघत राहिला.

“तुमचा मेव्हणा म्हणतो, तुम्ही ढकललंत. मला नाही वाटत. दुसऱ्याला ढकलणारा माणूस आधी चपला काढून ठेवत नाही. स्वतः उडी मारणारा काढतो. टाचा कठड्याला, चवडे दाराकडे. तुमच्या बुटांसारख्या. मरायला निघालात तरी हाताची सवय सुटली नाही.”

“बाई, पुरे,” तो म्हणाला.

“तिच्या रक्तात औषध नव्हतं. सगळे म्हणाले, तिने गोळ्या सोडल्या. तिने त्या कधी घेतल्याच नव्हत्या. त्या तुमच्या आहेत. अजूनही तुम्हीच घेताय. आजारी तुम्ही होतात, कागदावर नाव तिचं होतं.”

आता तो रडायला लागला. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. बराच वेळ मी त्याला रडू दिलं.

“डॉक्टर म्हणाल्या, रुग्ण एकच लिहावा लागेल,” तो शेवटी म्हणाला. “माझं नाव लिहिलं असतं तर बंदरावर कळलं असतं. डोक्याचा आजार असलेल्याला कोण क्रेनवर चढू देणार? ती हसत म्हणाली, माझं लिहा की! मला कुठे क्रेन चालवायचीय? आम्ही तिघंही हसलो, बाई. त्या खोलीत आम्ही पहिल्यांदाच हसलो होतो.”

“आणि त्या दिवशी?”

“गच्चीच्या दाराची कडी वाजली की स्वयंपाकघरात ऐकू येते. मी कठड्यावर बसलो होतो, पाय बाहेर सोडून. ती आली. मागून काखेत हात घालून ओढायला लागली. एक गुडघा कठड्यावर टेकवला होता तिने. मी म्हटलं, सोड. हिसका दिला. मग मी आत पडलो आणि ती...” त्याने हाताने तोंड दाबलं. “सगळे खाली धावले तेव्हा मी घरात येऊन पडलो. झोपलो होतो म्हटलं. मी हिसका दिला नसता तर.”

वारा सुटला होता. खाली कोणी तरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

“हे ठकीला सांगायचं,” मी म्हणाले.

“नाही! तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. आई गेली, आता बापही जाईल.”

“आणि आता काय आहे तिच्याकडे? आपल्याला नीट विचार करून टाकून गेलेली आई! तुमच्या चपलांवरून ती पोर रोज स्वतःला जाळतेय. डब्यावरून भांडले म्हणून आई मेली असं वाटत असेल तिला, कळतंय का? तिची आई तिला टाकून गेली नाही. दूध गॅसवर ठेवून गेलेली बाई परत येणार असते. तुम्ही सांगा, नाही तर मी सांगते. पण माझ्या तोंडून ऐकलं तर ती तुम्हाला खरंच माफ करणार नाही.”

तो उठला. दाराशी येऊन चपला काढल्या, खिळ्याला लावल्या. हात थांबला, पण लावल्या.

६

माझ्या अहवालाचं काय झालं, ते आधी सांगून टाकते. मी लिहिलं, ‘दुसऱ्याचा जीव वाचवताना अपघाती मृत्यू.’ साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, “म्हणजे आजाराची माहिती खोटी दिली होती? छान! मग सगळा विमाच रद्द.” मी त्यांच्या टेबलावर माझं ओळखपत्र ठेवलं आणि जे बोलले, ते छापण्यासारखं नाही. त्यांच्या निर्णयात त्याने काही फरक पडला नाही. क्रेनवाला पुन्हा क्रेनवर चढला नाही. डॉक्टरांनी स्वतःहून सगळं लिहून दिलं आणि दवाखाना बंद केला. पोलीस दोनदा येऊन गेले. त्या कागदाने कोणाचंच भलं झालं नाही.

पण त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही चौघंच होतो. मामा ओट्याला टेकून, मुठी आवळून. ठकी स्टुलावर. तिचा बाप तिच्यासमोर जमिनीवर. त्याने सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. कडी, कठडा, हिसका. मामाच्या मुठी मधेच कधी तरी सुटल्या आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ठकी हलली नाही. सगळं संपल्यावर तिने एकच विचारलं.

“तिने चष्मा लावला नव्हता. मग तुम्ही कुठे आहात, हे तिला दिसलं कसं?”

क्रेनवाल्याने मान खाली घातली.

“सांगा ना, बाबा.”

“तिने दारातून हाक मारली,” तो म्हणाला. “मी ओ दिली.”

ठकी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या कोरड्या डोळ्यांतून तीन आठवड्यांनी पाणी यायला लागलं. ती त्याच्याजवळ गेली नाही. त्याने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. मला वाटलं, संपलं. आता ही या माणसाशी जन्मात बोलणार नाही, आणि तिला दोष तरी कसा देणार?

मग ती उठली. साखरेच्या डब्याआडचं पाकीट काढलं, एक गोळी सोडवली, पेल्यात पाणी ओतलं आणि दोन्ही त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

“घ्या,” ती म्हणाली. “माझ्यासमोर घ्या.”

त्याने गोळी घेतली. पाणी पिऊन होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि मग रिकामा पेला उचलून तिने धुऊन ठेवला.